खलफची चिंधी

मंतूराने पायाशी पडलेली फांदी उचलली आणि तिच्या तोंडून शिवीच निघाली. वीतभर लांबीचा शेंडा होता. मागच्या बाजूला मुठीएवढं पिकलेलं तपकिरी बोंड, ते ठीक. पण त्याच्या पुढे अक्रोडाएवढी दोन हिरवी बोंडं होती आणि अगदी टोकाला वाटाण्याएवढी तीन. यंदाचं, पुढच्या वर्षीचं आणि त्याच्याही पुढच्या वर्षीचं, सगळं पीक एका हिसक्यात खाली आलं होतं. सकाळपासून असे चार शेंडे झाले.

तिने इकडेतिकडे पाहिलं. पिकलेलं बोंड पिरगाळून पोत्यात टाकलं, उरलेला शेंडा वाळलेल्या पात्यांच्या थराखाली सारला आणि वरून पायाने नीट दाबला.

पाइनच्या बोंडाला पिकायला तीन उन्हाळे लागतात, आणि तिन्ही वर्षांची बोंडं एकाच फांदीवर एकामागे एक बसलेली असतात. आमच्या ‘ऐन लूझा’ या डोंगरातल्या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. वर चढलेल्या माणसाने आकडी पिकल्या बोंडाच्या मागून घालायची, देठाशी अडकवायची आणि नुसतं मनगट वळवायचं. पिकलेलं तेवढं सुटतं, पोरंबाळं जागच्या जागी राहतात. आकडी शेंड्यावर टाकून जो ओढतो, त्याला आमच्याकडे ‘गाभण शेळी कापणारा’ म्हणतात. ही शिवी एकदा चिकटली की माणूस मेला तरी सुटत नाही, नातवाच्या लग्नात कुणीतरी ती काढतोच.

आणि वर, वीस-बावीस हातांवर, त्या हिरव्यागार छत्रीच्या आत जो माणूस शेंडे ओढत होता, तो तिचा नवरा होता. नखले. अबू वदीअ, म्हणजे वदीअचा बाप. पन्नास वर्षं झाडावर काढलेला, तरुणपणी एका झाडाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर उडी टाकणारा, सात गावांत नाव असलेला नखले.

त्याचे डोळे गेल्या हिवाळ्यापासून बिघडले होते. आधी तो म्हणायचा, यंदा धुकं फार पडतंय. मग कॉफी कपाच्या बाहेर ओतायला लागला आणि कपालाच शिव्या घालू लागला. मंतूराने एकदा डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाला, “डॉक्टर काय मला झाड दाखवणार आहे? मला हातांनी दिसतं.” खोड चढायला डोळे लागत नाहीत, हे खरंच होतं. शिडी जिथे संपते तिथून पुढे सालीच्या भेगा, जुन्या फांद्यांचे खुंट, सगळं त्याच्या बोटांना पाठ होतं. पण आकडी चार हात लांब असते. तिच्या टोकाला बोटं नसतात.

तिने मुलाला परदेशात फोन केला नाही, शेजारणीला सांगितलं नाही, नवऱ्यालाही तोंडावर बोलली नाही. ती फक्त खाली उभी राहायची, बोंडं गोळा करायची आणि मोडलेले शेंडे लपवायची. आज ना उद्या हंगाम संपेल, पुढच्या वर्षी गुडघ्याचं निमित्त करून त्याला घरी बसवू, असा तिचा हिशेब. नाव शाबूत ठेवून उतरला म्हणजे झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत ती रोज सकाळी रानात यायची.

रानात नखलेशिवाय आणखी एक चढणारा होता, खलफ. फुरात नदीकाठचा, सीरियाचा माणूस, पस्तिशीचा, घर लढाईत गेलेलं, बायको आणि दोन मुली डोंगरापलीकडच्या बेकाच्या मैदानात तंबूत. चार हंगाम येत होता. त्याला चढायला शिकवलं नखलेनेच, आणि दुपारची भाकरी तो याच दोघांबरोबर बसून खायचा. मंतूराला मावशी म्हणायचा. “मावशी, तुमच्या मसूरभातात कांदा कमी आणि टोमणे जास्त असतात,” म्हणायचा आणि भांडं पुसून खायचा.

आता चिंध्यांचं सांगतो. पाइनची छत्री इतकी दाट की कुठल्या झाडाची बोंडं काढून झाली आणि कुठल्याची राहिली, हे खालून पाहून काही कळत नाही. म्हणून झाड उतरला की चढणाऱ्याने आपली चिंधी खोडाला बांधायची ही पद्धत. नखलेची चिंधी निळी, मंतूराच्या जुन्या एप्रनची. खलफची लाल चौकडीची, डोक्याला बांधायच्या रुमालाची. ज्याची चिंधी त्याचं झाड. मेहनत त्याची आणि पापही त्याचं. यावर रानात कधी वाद होत नसे. चिंधीला कुणी हात लावत नसे, पोरंसुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी तो हात मंतूराने लावला.

नखले दगडी बांधाजवळचं मोठं झाड उतरला होता, चिंधी बांधून पलीकडच्या झाडावर चढलाही होता. मंतूरा खाली वाकली. शेंडे चार नव्हते, पाच नव्हते. पंधरा-वीस असतील. सगळी जमीन हिरव्या बोंडांनी भरली होती. दुपारी ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं असणार. ती भराभर गोळा करू लागली, तेवढ्यात खालच्या वाटेवरून खोकला ऐकू आला. ठेकेदार तन्नूस. त्याचा खोकला त्याच्या आधी शंभर पावलं पोचतो. गावाकडून हे रान त्याने सहा वर्षांसाठी घेतलं होतं. गेली तीन वर्षं कुठल्याशा किड्याने बोंडांतल्या बिया, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, निम्म्या पोकळ निघत होत्या. म्हणजे पुढच्या वर्षांवरच त्याची सगळी मदार.

एवढे शेंडे लपवायला वेळ नव्हता. तिने नवऱ्याच्या निळ्या चिंधीकडे पाहिलं. शेजारच्याच झाडावर, दहा पावलांवर, खलफची लाल चिंधी होती. तो ते झाड तासापूर्वी उतरला होता आणि खाली एक हिरवं पातंसुद्धा पडलेलं नव्हतं.

मनात विचार आला असं म्हणता येणार नाही. विचार यायला वेळ लागतो. हातच गेले. लाल सोडली, निळी सोडली, इकडची तिकडे बांधली. गाठी मारून ती पोत्याजवळ येऊन बसली तोवर तन्नूसचं टोपीवालं डोकं बांधावर आलं होतं.

“हे काय?” तो ओरडला. “हे काय आहे? देवा रे! कुणी कापली ही शेळी?”

त्याने चिंधी पाहिली. लाल. मग त्याने जो आवाज काढला तो खालच्या चर्चपर्यंत गेला असेल.

खलफ धावत आला. जमिनीकडे पाहिलं, एक हिरवं बोंड उचलून तळहातावर फिरवलं, खोडाकडे पाहिलं. “हे झाड माझं नाही.”

“चिंधी कुणाची?”

“चिंधी माझी आहे. झाड माझं नाही. माझं ते, शेजारचं.”

“शेजारच्यावर अबू वदीअची निळी आहे. म्हणजे अबू वदीअने पन्नास वर्षांनी शेंडे मोडले, असं म्हणायचंय तुला? ज्याने तुला आकडी धरायला शिकवली त्याने?”

खलफ चिंधीच्या गाठीकडे पाहत राहिला. तन्नूस मंतूराकडे वळला. “उम्म वदीअ, तुम्ही खाली होतात. सांगा, या झाडावर कोण होतं?”

मंतूराने पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. दोरी हातात गुंतत होती. “चिंधी आहे ना,” ती म्हणाली. “मला कशाला विचारतोस?”

एवढंच. खोटं म्हणावं तर अक्षरसुद्धा खोटं नव्हतं. पण खलफने तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर तिला सहन झाली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि सुळी तिने स्वतः उभी केली होती.

“उद्या सकाळी पिकअप जाईल खाली,” तन्नूस म्हणाला. “त्यात बसायचं. पुन्हा या डोंगरावर दिसू नकोस.”

पलीकडच्या झाडात आकडी थांबली होती. नखलेने सगळं ऐकलं होतं. बराच वेळ वरून एकही बोंड पडलं नाही.

संध्याकाळी जेवताना मात्र त्याचं तोंड थांबेना. “चार वर्षं शिकवलं. चार वर्षं! दगडाला शिकवलं असतं तर तो चढला असता. मनगट वळव म्हटलं, तर हा बैलासारखा ओढतो.” भाकरीचा तुकडा त्याने दह्याच्या वाटीच्या बाहेर बुडवला. मंतूराने वाटी हळूच त्याच्या हाताखाली सरकवली. “नालायक,” तो म्हणाला, पण कुणाला ते तिला कळलं नाही.

तेवढ्यात दारात तन्नूस आला. आत येईना, उंबऱ्यावरच टोपी कुरवाळत उभा राहिला. घळीच्या तोंडावरची सात झाडं उद्या करायलाच हवीत, तो म्हणाला, पाऊस यायचाय. ती खलफच्या वाट्याची होती.

घळीवरची झाडं गावातली सगळ्यांत उंच. सरळ सोट खोड, अर्ध्यापर्यंत फांदी म्हणून नाही, आणि छत्रीचा एक भाग पार दरीवर गेलेला. तरुण माणसंसुद्धा तिथे छातीवर क्रूसाची खूण करून चढायची.

“मी करतो,” नखले म्हणाला.

“तू नाही करायचंस,” मंतूरा म्हणाली.

“का? दुसरा कोण आहे?”

दुसरा कोण आहे. दुसरा होता, आणि तिने त्याला हाकललं होतं. वाचवायला गेली ती नवऱ्याचं नाव, आणि आता त्याच नवऱ्याला दरीवर चढवत होती. “तुझे गुडघे,” ती कशीबशी म्हणाली.

“गुडघ्यांना काय झालंय?” नखले हसला. “तन्नूस, हिचं ऐकू नकोस. लग्नाच्या दिवशीही ही मला खाली उतर म्हणूनच ओरडत होती.”

तन्नूसही हसला आणि गेला. त्यानंतर ती बोलू शकली असती. भांडी घासताना एकदा, दिवा मालवताना एकदा, असं दोनदा तिने तोंड उघडलं. पण काय सांगायचं? डोळे गेलेत हे सांगायचं तर शेंडे सांगायला हवेत, शेंडे सांगायचे तर चिंधी. एक धागा ओढला की सगळंच उसवणार होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि स्वतःला शिव्या देत राहिली.

सकाळी वारा होता. पाइनची डोकी हलत होती आणि रानभर समुद्रासारखी गाज चालली होती. नखलेने खोडाला हात लावला, साल चाचपली, तळहातावर थुंकला आणि चढला. शिडी संपली, मग खुंट, मग पहिली फांदी. तो हिरव्यात नाहीसा झाला. दोरीने आकडी वर ओढून घेतली.

पहिली बोंडं नीट पडली. धप्, धप्. तन्नूस मान वर करून म्हणाला, “बघा! याला म्हणतात हात.”

मग एक शेंडा पडला. त्याच्यामागून दुसरा. तन्नूसने तो उचलला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग आकडीच आली, फांद्यांवर आपटत, दगडावर पडून दुभंगली.

“अबू वदीअ?” तन्नूस ओरडला.

वर वारा तेवढा. मग छत्रीच्या दरीकडच्या बाजूने एक पाय खाली आला. वहाणेचा अंगठा हवेत काहीतरी शोधत होता. खुंट तिथे नव्हताच. खुंट दुसऱ्या बाजूला, खोडापाशी होता. पाय पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

“मंतूरा,” वरून आवाज आला. मोठा नव्हता. घरातल्या घरात हाक मारावी तसा होता. “शिडी कुठल्या बाजूला आहे?”

शिडी लख्ख उन्हात उभी होती. तन्नूसने तिच्याकडे पाहिलं, मंतूराकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं.

“हलू नकोस!” मंतूरा किंचाळली. “दोन्ही हातांनी फांदी धर आणि हलू नकोस! मी येते!” तन्नूसला स्वतः चढणं शक्य नव्हतं, तो घराचा जिनाही दोनदा बसून चढतो. गावात आता चढणारं कुणी उरलं नव्हतं. ती पळत सुटली. पासष्टीची बाई, रानातून, बांधांवरून उड्या टाकत. वाटेत एक वहाण गेली, ती घ्यायला ती थांबली नाही.

खलफ सडकेवर गाठोड्यावर बसला होता. पिकअप अजून यायची होती.

“ते झाड तुझं नव्हतं,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “चिंधी मी बदलली. त्याला दिसत नाही. वर्षापासून दिसत नाही. आता तो घळीवर अडकलाय. शिडी सापडत नाहीये त्याला.”

खलफ उठला नाही. तिला वाटलं, आता हा थुंकेल, आणि थुंकला तर बरंच होईल.

“कुठल्या झाडावर?” त्याने विचारलं.

“तिसऱ्या.”

मग तो उठला आणि तिच्या पुढे धावत गेला.

ती परत पोचली तेव्हा तो वर होता. खालून फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. “काका, डावा पाय माझ्या हातात द्या. दिला? आता तो मी ठेवतो तिथे ठेवा. भार टाका. आता उजवा.” एक पाय, मग दुसरा. प्रत्येक खुंटावर तो नखलेचं पाऊल आपल्या हाताने धरून ठेवत होता. असंच नखलेने त्याला पहिल्या हंगामात उतरवलं होतं, ते पाहताना मंतूरा हसली होती. आज ती एप्रनमध्ये तोंड खुपसून उभी होती.

नखलेचे पाय जमिनीला लागले आणि तो तिथेच खोडाला टेकून खाली बसला. हात डिंकाने माखलेले, कोपर सोललेलं. चेहरा पांढरा पडलेला.

“तन्नूस,” मंतूरा म्हणाली, “कालची चिंधी मी बदलली. शेंडे याचे होते. महिनाभर मी लपवतेय. खलफने एकही मोडला नाही.”

तन्नूसने टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खोकलासुद्धा आला नाही. मग खलफला म्हणाला, “थांब बाबा तू. चूक झाली माझी. थांब, काम कर.”

खलफ तळहातांवरचा डिंक पानाने खरवडत होता. त्याने तन्नूसकडे पाहिलंच नाही. मंतूराकडे वळला.

“मावशी, मला तेव्हाच कळलं होतं. माझी गाठ अशी नसते,” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही मला मागितली असती ना, तर मीच आणून बांधली असती चिंधी. काकांसाठी मी बांधली असती. पण तुम्ही मागितली नाहीत.”

मंतूरा आपल्या अनवाणी पायाकडे पाहत राहिली.

खालून पिकअपचा हॉर्न वाजला. खलफने वाकून नखलेच्या खांद्याला एकदा हात लावला, आणि निघाला. तन्नूस त्याच्यामागे चार पावलं गेला, “अरे ऐक तरी,” म्हणाला, आणि परत आला. वाऱ्यात नखलेला ना ते ऐकू आलं, ना पावलांचा आवाज.

नखले मान खाली घालून बसला होता. मग त्याने घसा साफ केला आणि जिथे खलफ आधी उभा होता तिकडे तोंड वळवलं.

“मलाही ठाऊक होतं, पोरा,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी जाताना मी चिंधी चाचपली. रुमालाची होती. खरबरीत. मी त्या झाडावर होतो हे मला ठाऊक नसेल का? तरी गप्प राहिलो. घरी जाऊन वर तुलाच शिव्या दिल्या.” तो थांबला. “मी भ्यालो रे. झाडावरून उतरलो की मी कोण? दारात बसलेला एक म्हातारा. तुझ्या पोरी तंबूत आहेत आणि मी स्वतःचाच विचार केला. मला माफ कर. कर म्हणत नाही. जमलं तर कर.”

त्याने हात पुढे केला, डिंकाने काळा झालेला, आणि तो तसाच हवेत धरून ठेवला.

तन्नूसने मंतूराला डोळ्यांनी खुणावलं. गप्प राहा, राहू द्या, त्याला तसंच समजू द्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कालपर्यंत मंतूरानेही हेच केलं असतं. खलफच्या जागी स्वतः पुढे होऊन तो हात धरला असता, आणि म्हाताऱ्याला कधी कळलंही नसतं.

ती त्याच्याजवळ खाली बसली.

“तिथे कुणी नाही, नखले,” ती म्हणाली. “तो गेला. मघाशीच गेला.”

नखलेचा हात आणखी थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने चाचपडत तिचा दंड धरला. “काय म्हणून गेला?” त्याने विचारलं.

मंतूराने त्याला शब्दन् शब्द सांगितला.